ट्वँग : धनुष्याची दोरी आणि नाकातला सूर

तीसेक वर्षांपूर्वी एका ठिकाणी मी आवाजाची चाचणी द्यायला गेलो होतो. काचेच्या खोलीत बसवून माझ्याकडून एक बातमी, एक उतारा आणि माझीच एक कविता वाचून घेतली. बाहेर आल्यावर तपासनीस गृहस्थ म्हणाले, "व्हॉइस बरा आहे. पण ट्वँग आहे. तुमच्यात असतो तो." 'तुमच्यात' म्हणजे कोकणातल्या लोकांत की मुसलमानांत, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. 'ट्वँग' म्हणजे काय, हेही ठाऊक नव्हतं. मान हलवली, चहा प्यालो आणि घरी येऊन शब्दकोश काढला.

कोशात दोन अर्थ होते. एक, नाकातून बोलण्याचा आवाज. तो लागलीच समजला, आणि लागलाही. दुसरा अर्थ मात्र चक्रावून टाकणारा होता: धनुष्याच्या ताणलेल्या दोरीचा आवाज. म्हणजे आपल्याकडे ज्याला टणत्कार म्हणतात तो. मराठीत टणत्कार हा वीरांच्या धनुष्याचा, आणि गेंगाणा आवाज हडळीचा, भुताचा, नाहीतर ज्याची टिंगल करायची त्या माणसाचा. आपण हे दोन आवाज एका घरात कधी नांदवले नसते. इंग्रजीत ते एकाच शब्दाच्या छपराखाली कसे आले, याची गोष्ट मी तेव्हापासून जमेल तशी गोळा करतो आहे.

दोरीचा तो आवाज मला परका नव्हता. पाऊस संपला की आमच्या मोहल्ल्यात पिंजारी यायचा. खांद्यावर माणसाच्या उंचीचं पिंजण, त्याला आतड्याची पिळलेली तात बांधलेली. उसवलेल्या गादीच्या कापसात ती तात धरून तो तिच्यावर लाकडी ठोकणी हाणायचा. टंऽग, टंऽग. कापूस उडायचा आणि आवाज भिंतींवर आपटून परत यायचा. सुरुवातीला एक ठोसा, मग मागे रेंगाळणारी गुणगुण. इंग्रजी शब्दातही नेमकं हेच आहे. आधीचा 'ट्व' हा ठोसा, शेवटचा 'ङ' ही गुणगुण. हा शब्द कुठल्या धातूपासून बनलेला नाही, आवाज ऐकून तोंडाने केलेली ती नक्कल आहे. आणि त्या नकलेच्या शेवटी नाक आहेच, कारण गुणगुण नाकाशिवाय उच्चारताच येत नाही. पुढच्या सगळ्या भानगडीचं बीज बहुधा तिथंच पडलं.

हा शब्द इंग्रजी लिखाणात दिसू लागतो तो 16व्या शतकाच्या मध्याला. तेव्हाचं इंग्लंड धनुष्याचा आवाज रोज ऐकणारं होतं. आठव्या हेन्रीच्या काळात 1541 साली कायदा झाला होता की साठीच्या आतल्या धडधाकट पुरुषाने घरी धनुष्यबाण बाळगावा आणि सराव ठेवावा. त्याच राजाचं 'मेरी रोज' हे लढाऊ जहाज 1545 साली बुडालं. 1982 साली ते समुद्रातून वर काढलं गेलं. त्याच्यातून मिळालेली 137 अखंड धनुष्यं आणि साडेतीन हजारांवर बाण आज पोर्ट्‌समथच्या संग्रहालयाची मालमत्ता आहेत. गावोगावच्या मैदानांत कवायतीला उभ्या राहिलेल्या माणसांच्या कानात जो आवाज घुमत होता, त्याचं हे नाव.

माणसाच्या बोलण्याला हा शब्द लागला तो आधी कौतुकाने. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट' या 1601च्या सुमाराच्या नाटकात सर टोबी नावाचा एक रंगेल सरदार आपल्या भित्र्या मित्राला द्वंद्वाचा धडा देतो. तलवार पुढचं पुढे, आधी दमदार शिवी हासड, असा त्याचा सल्ला. ती शिवी कशी निघाली पाहिजे हे सांगताना शेक्सपिअर हाच शब्द वापरतो, धनुष्यातून बाण सुटावा तशी. तिथं नाकाचा संबंध नाही. असलाच तर तो मर्दुमकीशी आहे. म्हणजे 17व्या शतकाच्या सुरुवातीला तुमच्या बोलण्यात ट्वँग आहे असं कुणी म्हटलं असतं, तर तुम्ही मिशीला पीळ दिला असता.

पुढच्या साठ वर्षांत काय झालं? यादवी झाली.

इंग्लंडमध्ये प्युरिटन म्हणून एक पंथ होता. धर्मात रोमची जुनी झूल नको, कर्मकांड नको, पाद्र्याने छापील प्रार्थना वाचून दाखवू नये, हृदयातून येईल ती म्हणावी, असा त्यांचा आग्रह. प्रवचनं लांबलचक, वेळ मोजायला व्यासपीठावर वाळूचं घड्याळ ठेवलेलं. 1642 साली राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं तेव्हा ही मंडळी पार्लमेंटच्या बाजूने लढली. नाटकघरं बंद झाली, नाताळचा सण कायद्याने रद्द झाला, 1649 साली राजाचं डोकं उडवलं गेलं. सत्तेत असताना हे लोक प्रेमळ होते असं मी म्हणणार नाही. आयर्लंडला ते विचारावं.

1660 साली राजघराणं परत आलं आणि फासे उलटले. नाटकघरं उघडली, आणि ज्यांनी ती बंद केली होती त्यांची नक्कल करणं हा दरबाराचा आवडता खेळ झाला. नक्कल करायला सगळ्यांत सोपं काय? चेहरा लांब करायचा, डोळे आकाशाकडे फिरवायचे आणि नाकातून बोलायचं. सॅम्युअल बटलरच्या 'ह्यूडिब्रास' या विडंबनकाव्यात प्युरिटनांच्या अशाच सोंगांची टर उडवली आहे आणि नवा राजा दुसरा चार्ल्स त्याच्यावर खूश होता. नाकातल्या आवाजाला 'ट्वँग' म्हणू लागल्याची नोंद कोशकार याच दशकातली, म्हणजे 1660 नंतरची देतात. पुढे 1704 साली जोनाथन स्विफ्टनं तर नाकातून प्रार्थना करण्याच्या 'कले'चा उगम शोधणारा अख्खा उपहासात्मक प्रबंध लिहिला. त्यातलं कारण इतकं अश्लील आहे की ते रविवारी सकाळी सांगता येण्यासारखं नाही.

हसणारे हसत होते तेव्हा ज्यांच्यावर हसणं चाललं होतं ते कुठं होते, हेही पाहायला हवं. 1662च्या कायद्याने सुमारे दोन हजार धर्मोपदेशकांच्या जागा गेल्या. भांडीकुंडी सांधणारा एक कारागीर, जॉन बन्यन, परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून 1660 साली तुरुंगात गेला आणि बारा वर्षांनी सुटला. त्यानं पुढं 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' लिहिलं. हेच पुस्तक हरि केशवजींनी 'यात्रिकक्रमण' या नावाने 1841 साली मराठीत आणलं, हे वाङ्मयेतिहासाच्या वाचकांना आठवत असेल. बन्यनचा आवाज कसा होता हे आता कुणालाच कळायचं नाही. पण त्याच्या पंथाच्या आवाजाला नाव ठेवलं गेलं ते दरबारात, आणि तो पंथ तेव्हा कोठडीत होता.

या नावाचा पुढचा मुक्काम मला बी.ए.च्या वर्षात भेटला होता, पण तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. मेकॉलेचा मिल्टनवरचा निबंध, 1825 सालचा. त्यात प्युरिटनांच्या बाह्य वागण्याची एक यादी येते. त्यांचे साधे कपडे, आंबट चेहरे, आणि त्यातच 'नेझल ट्वँग' हे दोन शब्द. यादी संपवून मेकॉले वळतो आणि म्हणतो की हे सगळं हास्यास्पद होतं खरं, पण इतिहास काही एकट्या हसणाऱ्यांकडून शिकायचा नसतो. मग तो त्या माणसांच्या धैर्याविषयी जे लिहितो ते आजही वाचण्यासारखं आहे. आपल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांना या माणसाच्या शैलीची भुरळ पडली होती ती काही उगाच नव्हे.

पण गंमत पाहा. हाच मेकॉले 1834 साली हिंदुस्थानात आला आणि पुढच्याच वर्षी शिक्षणविषयक टिपणात लिहून गेला की अरबी आणि संस्कृतचं सगळं वाङ्मय युरोपातल्या चांगल्या ग्रंथालयाच्या एका फळीइतकंही मोलाचं नाही. या दोन्ही भाषा आपल्याला येत नाहीत, हे त्यानं त्याच टिपणात कबूल केलं आहे. दहा वर्षांपूर्वीचा स्वतःचा सल्ला बोटीवर विसरला असावा.

आता जरा प्रत्यक्ष नाकाकडे येऊ. हा लेख हातात असेल तर तो खाली ठेवा, नाक चिमटीत घट्ट धरा आणि लांब 'आ' म्हणा. आवाज बदलला नाही ना? आता तसंच नाक धरून 'म्' लांबवा. क्षणात कोंडतो. टाळूच्या मागे, पडजीभ लोंबते तिथला मऊ भाग हे एक दार आहे. ते वर उचललेलं असलं की हवा फक्त तोंडातून जाते. खाली सोडलं की नाकाची वाट उघडते. आपल्याकडे पाणिनीनं अनुनासिकाची व्याख्या मुख आणि नासिका यांनी मिळून उच्चारलेला वर्ण अशी केली आहे. त्यात निंदा नाही, स्तुतीही नाही.

ही चिमटीची परीक्षा मी काही ध्वनिशास्त्राच्या पुस्तकातून शिकलो नाही. लहानपणी मकतबमध्ये कुराण वाचायला शिकवताना मौलवीसाहेब आमची नाकं धरत. पठणाच्या शास्त्रात 'गुन्ना' नावाचा प्रकार आहे. गुन्हा नव्हे, गुन्ना. द्वित्त झालेला 'न' किंवा 'म' आला की तो आवाज नाकात दोन मात्रा घुमवायचा. घुमला नाही तर पठण सदोष. आम्ही आळस केला की मौलवीसाहेब समोरच्याचं नाक दाबत, आणि आवाज कोंडला नाही तर पोरगं नुसतं तोंडानंच म्हणतंय हे उघडं पडायचं. तिथून निघून मी शाळेत जायचो, आणि शाळेत कुणी नाकात बोललं की वर्ग फिदीफिदी हसायचा. सकाळी ज्यासाठी शाबासकी, दुपारी त्यासाठीच हशा. मला त्यात काही विचित्र वाटलं नव्हतं. मुलांना वाटत नाही.

त्या चाचणीनंतर घरी मी हीच परीक्षा स्वतःवर केली. नाक धरून तोच उतारा वाचला. जिथं न, म, अनुस्वार तिथं आवाज अडला, तो कुणाचाही अडेल. बाकी सगळं सरळ गेलं. मग त्या गृहस्थांनी ऐकलं ते काय?

गाण्याचे आणि आवाजाचे अभ्यासक याचं उत्तर देतात. हल्ली ते 'ट्वँग' हा शब्द तंत्राच्या अर्थाने वापरतात, आणि तो आवाज नाकातून आलेला असायलाच हवा असं नाही असं म्हणतात. स्वरतंतूंच्या लगेच वर घशाची एक नळी आहे. ती किंचित आवळली की आवाजाला धार चढते. 3000 हर्ट्झच्या आसपासचा भाग उठावदार होतो, आणि माणसाचा कान नेमका त्याच पट्ट्यात सगळ्यांत तल्लख असतो. म्हणून थोड्या श्रमात आवाज लांब जातो. भाजीवालीची आरोळी, ध्वनिक्षेपक येण्याआधीची बांग, मागच्या रांगेपर्यंत पोचणारा कीर्तनकाराचा सूर ऐका. टाळूचं दार बंद असूनही ऐकणाऱ्याला ते 'नाकातलं' वाटतं. उलट सर्दी झाल्यावर आपण 'नाकात बोलतोय' म्हणतो तेव्हा नाक बंद झालेलं असतं, 'म'चा 'ब' होत असतो. म्हणजे खऱ्या नाकाच्या अभावालाही आपण नाकाचंच नाव देतो! माझा एक तर्क आहे. उघड्या माळावर, चर्चची इमारत हातातून गेल्यावर, तासन्‌तास बोलणाऱ्या त्या प्युरिटन उपदेशकांना हाच धारेचा आवाज सापडला असावा. तो पुरा नाकातला नसेलही. दरबारी कानांना तो तसा वाटला, एवढं नक्की.

शब्द त्यांच्यामागून अटलांटिक ओलांडून गेला. 1630 ते 1640 या दशकात सुमारे वीस हजार इंग्रज माणसं अमेरिकेच्या न्यू इंग्लंड किनाऱ्यावर उतरली. बरीचशी प्युरिटन, आणि त्यांतली पुष्कळ इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉरफोक, सफोक, एसेक्स या भागांतली. त्या भागातल्या बोलीच्या कण्हत्या सुराला इंग्लंडमध्ये आधीच नावं ठेवली जात होती. डेव्हिड हॅकेट फिशर या इतिहासकारानं 1989च्या आपल्या ग्रंथात हा धागा जोडला आहे: नॉरफोकचं ते कण्हणं समुद्रापार जाऊन 'यँकी ट्वँग' झालं.

अमेरिका स्वतंत्र झाल्यावर नोआ वेब्स्टरनं, त्याच कोशकर्त्या वेब्स्टरनं, 1789 साली इंग्रजी भाषेवर एक पुस्तक लिहिलं. न्यू इंग्लंडची माणसं रेंगाळत, नाकातून का बोलतात याचं त्यानं दिलेलं कारण मला फार आवडतं. तो म्हणतो, याचं मूळ राज्यव्यवस्थेत आणि जमिनीच्या वाटणीत आहे. तिथं गुलाम आणि नोकरचाकर यांच्यावर हुकूम सोडायची सवय कुणाला नाही. सगळे जवळपास बरोबरीचे, म्हणून प्रत्येकजण दुसऱ्याशी जरा दबकत, अदबीने बोलतो, आणि तोच सूर अंगवळणी पडतो. ध्वनिशास्त्र म्हणून हे टिकणार नाही. पण ज्याला सगळे अडाणीपणाची खूण समजत होते तिच्यात समतेची खूण दिसणं, याला डोळा लागतो. वेब्स्टरला ते दिसलं, आणि तरीही त्याला तो उच्चार सुधारायलाच हवा होता. गुरुजी ते गुरुजीच.

इंग्रज प्रवाशांना असला काही विचार करायची गरज भासली नाही. फ्रान्सिस ट्रॉलप बाईंचं अमेरिकनांच्या घरगुती चालीरीतींवरचं पुस्तक 1832 साली आलं. अमेरिकनाच्या तोंडून नीट उच्चारलेलं वाक्य क्वचितच कानावर पडलं, अशी त्यांची तक्रार. पुढे अमेरिकनच ती तक्रार करू लागले. कादंबरीकार हेन्री जेम्स अर्धं आयुष्य युरोपात काढून परतला आणि 1905 साली ब्रिन मॉरच्या महिला महाविद्यालयात पदवीधर मुलींना त्यानं आपल्या देशाच्या बोलण्याच्या दुरवस्थेवर व्याख्यान दिलं. पदवीच्या दिवशी!

20व्या शतकात 'ट्वँग' न्यू इंग्लंड सोडून दक्षिणेकडे सरकला. टेनेसी, केंटकी, टेक्सास. गरीब गोऱ्या शेतकऱ्यांचा, खाणकामगारांचा मुलूख. शहरातल्यांनी त्यांना नावं ठेवण्यासाठी तोच जुना शब्द उचलला. पण इथं गोष्टीला वळण मिळालं, आणि ते यंत्रामुळे मिळालं. 1927च्या उन्हाळ्यात एका ध्वनिमुद्रिका कंपनीचा माणूस, राल्फ पिअर, टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात मुद्रणाचं सामान घेऊन उतरला. डोंगरातली माणसं गायला आली. कार्टर कुटुंब आलं, जिमी रॉजर्स आला. पुढं ज्याला कंट्री संगीत म्हणू लागले त्याचा पाया तिथं घातला गेला असं मानतात. त्या तबकड्या विकल्या गेल्या त्या त्याच सुरासाठी. आपल्या आज्यासारखं कुणीतरी यंत्रातून गातं आहे, हे लाखो माणसांनी पहिल्यांदा ऐकलं. ज्या आवाजाला पैसे मिळू लागतात त्याची लाज हळूहळू कमी होते. हे फार उदात्त कारण नाही, पण खरं आहे. काही दशकांत गायक आपल्या आवाजातला ट्वँग मिरवू लागले, आणि तो कमी पडला तर रसिक नाराज होऊ लागले.

आणि मग शब्द जिथून निघाला होता तिथंच, दोरीवर, परत आला. 1958 साली ड्वेन एडी नावाच्या वीस वर्षांच्या तरुणानं विजेच्या गिटारच्या खालच्या जाड तारांवर धून वाजवून एक तबकडी काढली. ॲरिझोनातल्या फीनिक्सच्या त्या स्टुडिओत आवाज घुमवायला खोली नव्हती. म्हणून दोन हजार गॅलनांची पाण्याची रिकामी टाकी आणली, तिच्यात एका बाजूला स्पीकर ठेवला, दुसऱ्या बाजूला मायक्रोफोन. गिटारचा आवाज टाकीत भरायचा, भिंतींवर आपटायचा आणि लांब होऊन बाहेर यायचा. त्याच्या पहिल्या लाँग प्लेच्या नावातच 'ट्वँगी' हा शब्द होता. हा माणूस 2024च्या एप्रिलमध्ये वारला तेव्हा मृत्युलेखांत त्याला 'ट्वँगचा राजा' म्हटलं होतं.

तबकडी मी फार उशिरा, भाच्याच्या मोबाइलवर ऐकली. "मामू, कसं वाटलं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, पुन्हा लाव. मला त्या टाकीतून आमचा पिंजारी ऐकू येत होता. तीच जाड दोरी, तोच ठोसा, तीच मागे राहिलेली गुणगुण. आता गाद्या यंत्रावर पिंजतात, नाहीतर फोमच्याच आणतात. भाच्यानं पिंजण पाहिलेलं नाही. त्याला ते हातवारे करून सांगताना माझ्या तोंडून निघालं तेही 'टंऽग'च.

राहता राहिली ती चाचणी. त्या वर्षी माझी निवड झाली नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा गेलो तेव्हा खुर्चीत निराळे गृहस्थ होते. मी तोच आवाज घेऊन तशीच एक बातमी वाचली. नाकाबद्दल ते काही बोलले नाहीत. 'श' आणि 'ष' जरा वेगळे म्हणत चला, एवढं सांगितलं आणि फॉर्मवर सही केली.